पावसाळी अधिवेशनाच्या यादीत आमचा एक विषय

४ एप्रिल २०२५ ला संसदेचं अर्थसंकल्पीय अधिवेशन संपलं आणि आमचे खासदार मतदारसंघात परतले. पुढचं अधिवेशन पावसाळ्यात, जुलैमध्ये. मधले दिवस लग्नसराईचे, जत्रांचे, आंब्याच्या पेट्यांचे आणि उद्घाटनांचे. पण जुलैमध्ये दिल्लीला कोणते विषय न्यायचे तेही याच दिवसांत ठरतं. मी आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीची सचिव आहे. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडावर. डिझेल परताव्याची बिलं, बोटींचे परवाने, खलाशांचे विम्याचे कागद हे माझं रोजचं काम. संसदेत विषय कसा जातो हे मी गेल्या वर्षी पहिल्यांदा जवळून पाहिलं. एखाद्या सोसायटीला, बागायतदार संघाला किंवा प्रवासी संघटनेला हाच रस्ता धरायचा असेल, तर वाटेत काय लागतं ते आठवतंय तोवर लिहून ठेवते.

आमचा विषय होता एलईडीची मासेमारी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या बोटीवर जनरेटर ठेवतात आणि रात्री समुद्रावर प्रखर दिवे सोडतात. उजेडाला मासळी गोळा होते, पिल्लांसकट, आणि तिच्याभोवती पर्ससीनचं, म्हणजे खालून पिशवीसारखं आवळायचं जाळं टाकून सगळी एका दमात उचलतात. दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यात आमची छोटी गिलनेटची, म्हणजे पाण्यात उभं जाळं लावणारी बोट गेली की जाळं रिकामं. डिझेल जळलेलं असतं, बर्फ विरघळलेला असतो आणि चार खलाशांची मजुरी अंगावर येते. मार्चमधल्या अमावास्येच्या आसपास आमच्या किनाऱ्यावरच्या टेकडीवर उभं राहिलं तर पश्चिमेला दिव्यांची रांग दिसायची, समुद्रात कुणी बाजारपेठ वसवल्यासारखी.

मे महिन्याच्या मध्यावर सोसायटीची सभा घ्यायची असं आम्ही ठरवलं होतं. पण गेल्या वर्षी पावसाने कुणालाच वेळ दिला नाही. २५ मे रोजी मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. बोटी घाईघाईने वर ओढल्या, झापांनी शाकारल्या, आणि मग सगळेच मोकळे झाले. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी तशीही होतीच. सभेला हॉल भरला.

सभेत मागण्यांची यादी वाढतच गेली. जेटीचा गाळ, डिझेल परताव्याची थकबाकी, एलईडी, बर्फाचा कारखाना, बंदीच्या काळातलं अनुदान, महामार्ग, मोबाईलचा टॉवर, शाळेला शिक्षक. एक-दोघे म्हणाले, "एका पत्राने दिल्लीत काय होतंय?" तेव्हा आमचे आबा तांडेल उठले. तांडेल म्हणजे बोटीवरचा प्रमुख. म्हणाले, "मधू दंडवते राजापूरचे खासदार झाले १९७१ ला. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली २६ जानेवारी १९९८ ला. मधल्या काळात कुणीतरी मागत राहिलं म्हणून आली ना?" त्यावर कुणी काही बोललं नाही, पण पत्र लिहायचं ठरलं.

नंतरचे दोन दिवस मी त्या यादीसमोर बसले होते. प्रत्येक मागणीपुढे एकच गोष्ट लिहीत गेले: हे काम केंद्राचं की राज्याचं? शाळेला शिक्षक जिल्हा परिषद देते. डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा राज्य सरकार देतं. हे विषय आमदारांकडे न्यायचे. राष्ट्रीय महामार्ग ६६, कोकण रेल्वे, मोबाईल सेवा हे केंद्राचे. मासेमारीचं मात्र दोन्हीकडे विभागलेलं आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, राज्याचा कायदा चालतो. त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा अधिकार. घटनेच्या सातव्या अनुसूचीत हे सरळ लिहिलेलं आहे: प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी केंद्र सूचीत, बाकीची राज्य सूचीत.

आमचं दुखणं नेमकं या रेषेवर होतं. राज्याने १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये कडक केला, एलईडीसाठी ५ ते २० लाखांपर्यंत दंड ठेवला. जानेवारी २०२५ पासून ड्रोनने नजर ठेवायलाही सुरुवात झाली. म्हणून दिवेवाल्या बोटी बारा मैलांच्या बाहेर सरकल्या. बाहेरच्या समुद्रातही केंद्राने २०१७ मध्येच एलईडीवर बंदीचा आदेश काढलेला आहे. पण तिथे पकडायचं कुणी, आणि कोणत्या कायद्याखाली? भारतीय बोटींसाठी त्या पट्ट्याचा स्वतंत्र कायदा नव्हता. २०२१ च्या पावसाळी अधिवेशनात त्यासाठीचं विधेयक कामकाजाच्या यादीत आलं होतं, पण मांडलंच गेलं नाही.

मासेमारीतले केंद्राचे म्हणून आमच्याकडे दोन विषय उरले. एक हा, आणि दुसरा बंदीच्या काळातली बचत-नि-मदत योजना. तिच्यात मच्छीमाराने स्वतःचे १५०० रुपये भरायचे, केंद्र आणि राज्य मिळून ३००० घालतात, आणि बंदी धरून मंदीच्या तीन महिन्यांत मिळून ४५०० हातात येतात. सोसायटीतल्या बायकांचं म्हणणं होतं की आधी हे घ्या. एका काकूंनी विचारलं, "साडेचार हजारांत तीन महिने चूल कशी पेटवायची ते दिल्लीला सांगणार की नाही?" त्यांचं चूक नव्हतं. मासळी विकणारी बाई बंदीत सुकटीवर जगते, आणि गेल्या वर्षी पाऊस लवकर आल्याने मेअखेरीस वाळत घातलेलं सुकट भिजून गेलं होतं. दोन्ही विषय एकाच पत्रात घालावेत असं बऱ्याच जणांना वाटत होतं. मी त्याला विरोध केला. शेवटी ठरलं की पावसाळी अधिवेशनाला एलईडी, आणि अनुदानाचं स्वतंत्र पत्र हिवाळी अधिवेशनासाठी. त्या काकूंनी ठरावावर सही केली, पण "हिवाळीचं विसरू नकोस" असं मला तिथल्या तिथे सांगून.

ठराव झाला, आता पुरावा. "रात्री दिवे दिसतात" एवढ्यावर कुणी काही विचारत नाही. आबांकडे एक वही आहे, शाळेची, शंभर पानी. हंगामात जिथे दिवेवाली बोट दिसली तिथे त्यांनी जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश पेन्सिलीने टिपून ठेवलेले. पानांना डिझेलचा वास, कडा खाऱ्या पाण्याने फुगलेल्या, आणि मध्येच बर्फाचा हिशेब. आम्ही दोघांनी बसून त्या नोंदींचं किनाऱ्यापासूनचं अंतर काढलं. बऱ्याचशा नोंदी बारा मैलांच्या थोड्याच बाहेर निघाल्या. आतल्या नोंदी मी वेगळ्या काढून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाला द्यायच्या कागदांत ठेवल्या. पेन्सिल सांगितली आहे ती मुद्दाम: शाई भिजली की जाते, पेन्सिल राहते. तुमच्याकडे असा तांडेल असेल तर त्याला आजच वही आणून द्या.

सोबत त्याच विभागाकडे माहिती अधिकाराचा एक अर्जही मेमध्येच टाकला होता. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत ३० दिवस, झेरॉक्स प्रतींना पानामागे २ रुपये. गेल्या तीन वर्षांत एलईडीच्या किती बोटींवर कारवाई झाली, आणि त्यातल्या बारा मैलांबाहेरच्या किती, असं विचारलं होतं. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत उत्तर आलं. आतल्या कारवाईचे कागद मिळाले. बाहेरचा समुद्र अधिकारक्षेत्रात नसल्याने ती माहिती नाही, असं लेखी मिळालं. ते एक वाक्य आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं. जून महिन्यात माहिती हातात हवी असेल तर अर्ज एप्रिलअखेरीसच टाका, कारण अपिलात गेलं की अधिवेशन निघून जातं.

४ जूनला बातमी आली की पावसाळी अधिवेशन २१ जुलैपासून. मग मी कागद घेऊन खासदारांच्या जनसंपर्क कार्यालयात गेले. एसटीने जायला अर्धा दिवस, महामार्गाच्या अर्धवट कामात पाऊण तास अडकून. पनवेल-इंदापूरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली, आणि अजून कोकणातला माणूस घरातून निघताना रस्ता धरून वेळेचा हिशेब करतो. कार्यालयाच्या बाहेर बाकावर बसलेल्या माणसांकडेही याच गोष्टी होत्या: महामार्ग, सावंतवाडी टर्मिनसचं रखडलेलं काम, रेल्वेचा थांबा, आंब्याच्या विम्याचे पैसे. बऱ्याच जणांच्या हातात घरकुल, रेशनकार्ड, बदली असे अर्ज. स्वीय सहाय्यक, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, प्रत्येकाचं ऐकून "हे तहसीलला", "हे आमदारसाहेबांकडे" असं शांतपणे सांगत होते.

माझा नंबर आला तेव्हा भाऊंनी ठराव वाचला, मग वहीच्या झेरॉक्स पाहिल्या, आणि विचारलं, "ताई, याचा प्रश्न लिहून आणलाय?" मी मागणीचं पत्र नेलं होतं. तेव्हा त्यांनी मला अर्धा तास बसवून जे सांगितलं ते तपशिलात लिहिते.

लोकसभेत प्रश्न द्यायचा तर त्याची सूचना उत्तराच्या दिवसाच्या किमान १५ पूर्ण दिवस आधी पोचावी लागते. प्रत्येक मंत्रालयाचा आठवड्यातला दिवस ठरलेला असतो, आणि कोणत्या दिवसासाठी शेवटची तारीख कोणती याचा तक्ता सचिवालय काढतं. २१ जुलैला अधिवेशन सुरू होणार म्हणजे पहिल्या आठवड्यातले प्रश्न जुलैच्या सुरुवातीलाच जायला हवेत. जुलैमध्ये निवेदन घेऊन येणाऱ्यांची गाडी तेव्हा सुटलेली असते. एका खासदाराला एका दिवसासाठी पाचच सूचना देता येतात. त्यातून चिठ्ठ्या निघतात: दिवसाला २० तारांकित, ज्यांचं उत्तर मंत्री सभागृहात उभं राहून देतात आणि वर उपप्रश्न विचारता येतात, आणि २३० अतारांकित, ज्यांचं उत्तर लेखी येतं. देशभरातून येणाऱ्या सूचनांतून आपला विषय निघेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. भाऊंनी ते पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

प्रश्न १५० शब्दांच्या आत बसवायचा. त्यात तर्क, आरोप, टोमणे, विशेषणं चालत नाहीत. विषय केंद्राच्या जबाबदारीचा हवा. कोर्टात चालू असलेलं प्रकरण नको, आणि सहज उपलब्ध कागदपत्रांत असलेली माहिती पुन्हा विचारायची नाही. म्हणून भाऊंनी घरी जाऊन आधी जुनी उत्तरं वाचायला सांगितली. संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय आणि विषय टाकून ती मिळतात, फुकट. मी दोन-तीन संध्याकाळी तेच वाचत बसले. बाहेरच्या समुद्रात एलईडीला बंदी आहे का, हे तर विचारून झालेलं होतं. मग आमचा प्रश्न बदलला. २०१७ च्या आदेशानंतर बारा मैलांबाहेर किती बोटींवर कारवाई झाली, ती कोणत्या यंत्रणेने केली, कोणत्या कायद्याखाली, आणि त्या पट्ट्यासाठी नियम करण्याचा प्रस्ताव आहे का, असल्यास कधीपर्यंत. असे चार उपभाग. "पारंपरिक मच्छीमार देशोधडीला लागला आहे" हे वाक्य मला काढावं लागलं. ते खरं आहे, आणि ते पुसताना मला वाईट वाटलं. पण खासदारांना बोलताना वापरता यावं म्हणून एक वेगळं पान केलं, त्यात ते ठेवलं, शिवाय एका फेरीचा डिझेल-बर्फ-मजुरीचा खर्च आणि रिकाम्या फेरीचा तोटा मांडला.

कागद दिले की आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. दुसरी प्रत सोबत ठेवा, तिच्यावरच शिक्का मारून मिळतो. पुढे फोनवर "कुठलं पत्र?" असं विचारलं जातं तेव्हा तो क्रमांक सांगितला की फाईल सापडते. आणि एक बघा: दापोली आणि गुहागर रत्नागिरी जिल्ह्यात असले तरी लोकसभेला रायगड मतदारसंघात येतात. आमच्याच बाकावर शेजारच्या मतदारसंघातलं एक कुटुंब सकाळपासून बसलेलं होतं. आधी आपला मतदारसंघ तपासा.

जूनच्या शेवटी खासदारांनी विश्रामगृहावर बैठक घेतली. प्रत्येक विषयाला पाच-सात मिनिटं. आम्ही आबांना घेऊन गेलो. साहेबांच्या हातात एक कागद होता आणि त्यावर विषय उतरवलेले: महामार्ग, रेल्वे दुपदरीकरण आणि थांबे, आंबा-काजू विमा, मच्छीमारी, दूरसंचार. ते म्हणाले, "आषाढीपर्यंत मी हे पक्कं करतो. सगळं बोलता येत नाही. प्रत्येकातलं एक द्या." इतरांच्या हातात तेव्हा चार-चार पानी निवेदनं होती. आबांनी वही पुढे केली. साहेबांनी पानं उलटली, एका नोंदीवर बोट ठेवून "ही रात्र कुठली?" असं विचारलं, आणि आबांनी वारा कुठला होता इथपासून सांगितलं. आमच्या १५० शब्दांचं पान त्यांनी स्वतःकडे ठेवलं. बाहेर पडताना आबा काही बोलले नाहीत, फक्त एसटीत बसल्यावर वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट गुंडाळली.

आषाढी एकादशी ६ जुलैला होती. त्या सुमाराला भाऊंचा फोन आला: प्रश्न दोन वेगवेगळ्या दिवसांसाठी दिला आहे. अधिवेशन १२ ऑगस्टऐवजी २१ ऑगस्टपर्यंत वाढल्याचंही तेव्हाच कळलं.

मग वाट पाहणं. प्रश्नांच्या याद्या संकेतस्थळावर येतात. पहिल्या यादीत आमचा विषय नव्हता. दुसऱ्यातही नाही. चिठ्ठी निघाली नव्हती, एवढंच. गावात लोक विचारत, "काय झालं गो?" आणि माझ्याकडे सांगायला काही नसे. तिकडे सभागृह जवळजवळ रोज तहकूब होत होतं. टीव्ही लावला की गोंधळ, आणि दुपारी बारापर्यंत बंद. सोसायटीतल्या तरुण पोरांनी तर आशाच सोडली.

भाऊंनी तेव्हा दुसरा रस्ता सांगितला. लोकसभेच्या नियम ३७७ खाली खासदार आठवड्याला एक विषय मांडू शकतो, मजकूर २५० शब्दांच्या आत. शून्य प्रहरात, म्हणजे प्रश्नोत्तरांनंतरच्या वेळेतही विषय घेता येतो, पण सभागृह तहकूब झालं की शून्य प्रहर जातो. ३७७ च्या विषयांचं तसं नाही. गोंधळ असेल तर अध्यक्ष ते सभापटलावर ठेवायला, म्हणजे न वाचता कामकाजात नोंदवायला, परवानगी देतात, आणि मग संबंधित मंत्रालयाने खासदारांना लेखी उत्तर द्यायचं असतं. अतारांकित प्रश्नांचंही तसंच, गोंधळातही त्यांची लेखी उत्तरं सभापटलावर येतातच. तारांकितसाठी सगळे झटतात, पण आमच्यासारख्यांना कागदावरचं उत्तर हवं असेल तर अतारांकित बरा, असं मी आता म्हणेन.

आमचा मजकूर पुन्हा लिहिला, या वेळी २५० शब्दांत, आणि पुसलेलं वाक्य त्यात परत आलं. ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमा होऊन बोटी पाण्यात गेल्यावर, तो सभापटलावर ठेवला गेला. टीव्हीवर काहीच दिसलं नाही. भाऊंनी कामकाजाच्या मजकुरातलं ते पान व्हॉट्सॲपवर पाठवलं. मी त्याचा प्रिंट काढला, सोसायटीच्या फलकावर लावला. सोबत खासदारांनी मंत्र्यांना लिहिलेल्या पत्राची प्रतही मागून घेतली. ही प्रत न मागता मिळत नाही, मागा.

एकूण खर्च फार नाही. स्टॅम्प, झेरॉक्स, एसटी, एक रजिस्टर्ड पोस्ट, विश्रामगृहाला जायला एकदा केलेली रिक्षा. सोसायटीच्या किरकोळ खर्चात तो बसला. जड गेलं ते थांबणं, आणि रोज विचारणाऱ्या माणसांसमोर उभं राहणं.

४ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने बाहेरच्या समुद्रातल्या मासेमारीचे नियम अधिसूचित केले. त्यात एलईडी, बुल ट्रॉलिंग आणि जोडीने ओढायचं ट्रॉलिंग (ट्रॉलिंग म्हणजे बोटीमागे जाळं ओढत नेणं) यांना बंदी आहे. यांत्रिक आणि मोठ्या मोटार बोटींना तिथे जायला ऑनलाइन प्रवेश पास लागेल. पारंपरिक छोट्या बोटींना तो लागणार नाही. खोल समुद्रात जाण्यासाठी मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. या नियमांची मागणी देशभरातल्या किनाऱ्यांवरून वर्षानुवर्षं होत होती, आमचं एक पान त्या ढिगातलं. पण त्या दिवशी सोसायटीत मी ते नियम मोठ्याने वाचून दाखवले, आणि आबांनी मला बंदीचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला.

आता प्रश्न उरला आहे तो गस्तीचा: पास तपासायला बाहेर कोणाची बोट असणार, आणि आम्ही कुणाला फोन करायचा. ते १५० शब्द लिहून झाले आहेत. हिवाळी अधिवेशन १ डिसेंबरला सुरू होणार होतं, म्हणून त्याआधी काकूंचं बचत-नि-मदतीचं पत्र ठरल्याप्रमाणे गेलं, त्यांच्याच सहीने, आवक शिक्क्यासह. गस्तीचं पान पुढच्या अधिवेशनासाठी भाऊंकडे दिलं आहे. आबांनी नवी वही सुरू केली आहे.